टट्टूच्या पायावरची गाठ

४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडताच टाकून दिलं नसशील, तर वाच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी आवाज चढवते आणि तू ठेवून देतोस. मागच्या वेळी तेच झालं, त्याला सात वर्षं झाली. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

तर मी घोडं घेतेय. बसायला. सहासष्टाव्या वर्षी. हसून घे एकदाचं, मी थांबते.

परवा जेवताना घरात सांगितलं. मुलाने हातातला घास खाली ठेवला. तो विमा विकतो, त्यामुळे त्याला माणसं दिसतच नाहीत, नुसते होऊ घातलेले अपघात दिसतात. म्हणाला, "आई, हा म्हातारचळ आहे. या वयात पडलीस तर काय होतं, माहीत तरी आहे का तुला?" मला विचारतो! चौतीस वर्षं इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत मी या गावाची मोडकी हाडं बांधली. त्याचा स्वतःचा डावा हात दोनदा मीच बांधलाय. आणि हा मला शिकवणार, पडलं की हाड मोडतं! सूनबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचं काहीतरी ठरलेलं असतं.

कशाला हवंय घोडं, असं तूही विचारशील. माझे गुडघे गेलेत. पाण्याच्या टाकीची टेकडी मी रोज सकाळी चढायचे, तेवीस वर्षं, पावसापाण्यातसुद्धा. दोन वर्षं झाली, खालून बघते. हाडांचा डॉक्टर, ज्याला पट्टी सरळ गुंडाळायला मी शिकवलं, तो मला सांगतो, "बाई, सपाटीवर चाला." सपाटीवर काय आहे? बँक आणि औषधाचं दुकान. मला वर जायचंय. माझे दोन पाय नेत नसतील तर मी दुसऱ्याचे चार घेईन. यात एवढं आकांडतांडव करण्यासारखं काय आहे?

घोडेस्वारी शिकवणारा एक जण आहे इथे, चकचकीत बूट घालतो. त्याच्याकडे एक तांबूस घोडा विकायला आहे, पूर्वी शर्यतीत पळायचा. घोडा देखणा आहे, उगाच खोटं का बोलू. पण हा माणूस मला "आजी" म्हणतो. मी त्याची आजी असते तर त्याला वळण लागलं असतं. मुलाचं म्हणणं, घ्यायचंच असेल तर निदान चारचौघांत शोभेल असं घे, हाच घे.

तू जनावरांचा डॉक्टर आहेस. घोडं घेताना काय बघतात, ते लिहून पाठव. सल्ला मागत नाहीये, माहिती मागतेय. सल्ला मागायला माणूस जवळचा लागतो. आपल्यात जे आहे ते आहे, ते मी विसरलेले नाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

कार्ड मिळालं. छत्तीस वर्षांत बहिणीला पहिल्यांदा लिहितोस आणि काय लिहितोस, तर अकरा ओळी. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. दुकानदारसुद्धा सामानाच्या यादीवर एक श्री काढतो.

आणि उघडं कार्ड! पोस्टमनने दारातच विचारलं, "बाई, टट्टू घेताय का?" संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला ठाऊक. तू लिहितोस, "तुझं वजन अधिक खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाता कामा नये. तुझं वजन किती?" बाईमाणसाचं वजन उघड्या कार्डावर विचारतात का रे? बावन्न किलो. घे. आता हेही पोस्टमनला कळू दे.

पण मला खरा राग आला तो पहिल्या ओळीचा. "उंच घोडं नको. गावठी टट्टू बघ, नऊ-दहा वर्षांचं, काम केलेलं." टट्टू! ज्यावर पोती लादतात ते! म्हणजे मुलगा म्हणतो शोभेल असं घे आणि भाऊ म्हणतो ओझ्याचं घे. माझी किंमत तुमच्या दोघांच्या लेखी कुठेतरी मध्ये असेल. मी कार्ड फाडणार होते. सूनबाईने हातातून काढून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

अक्षर जरा वाकडं दिसेल. डाव्या मनगटाला पट्टी आहे, कागद नीट धरता येत नाही. डब्याचं झाकण उघडताना लचकलं.

खोगीर, रिकीब, लगाम या सगळ्याची माहिती मी काढलीय. तू नाही दिलीस तरी माझं काही अडत नाही. त्या तांबड्या घोड्यावर बसूनही बघितलं मी. तीन पायऱ्यांचं स्टूल लावलं होतं, चढले. वरून सगळं झकास दिसत होतं. दहा पावलं चाललो आम्ही, मी आणि तो. मग मुलगा म्हणाला, "बरं, आता उतर." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की स्टूल मागे राहिलंय आणि जमीन फारच खाली आहे.

बरं, ऐक. डब्याचं झाकण वगैरे काही नव्हतं. मी उतरले. जरा घाईत उतरले. मनगट मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय, मी स्वतः चाचपून बघितलं. बूटवाला धावत आला, "आजी, आजी!" करत. आणि मुलगा नुसता माझ्याकडे बघत राहिला, त्याचा मला जास्त संताप आला.

तुझ्या कार्डाची शेवटची ओळ मी नंतर वाचली: "चढता येतं का ते बघू नकोस, उतरता येतं का ते बघ." ही ओळ सगळ्यात वर लिहायला काय झालं होतं तुला?

७ मार्च

तू बसून वाच. मी उभ्याने लिहितेय, मला बसवत नाही इतकी मी तापलेय.

गावाबाहेर वीटभट्टी आहे. भट्टीवाल्याने आता टेम्पो घेतला, म्हणून विटा वाहणारी टट्टं विकायला काढली. सूनबाईने तुझं कार्ड फ्रिजवरून काढलं, गाडी काढली आणि मला घेऊन गेली. चार टट्टं होती. त्यातलं एक, धुळकट रंगाचं, माझ्या छातीला लागेल एवढं. मान जाड, आयाळ गुंतलेली, पाठ आखूड, छाती रुंद, खूर काळेभोर. कार्डावरची एकेक ओळ सूनबाई मोठ्याने वाचत होती आणि ते टट्टू एकेक ओळ पास होत होतं. दात बघितले, नऊ वर्षांचं. मी विटांच्या थप्पीवर चढले, पाय टाकला, बसले. आणि उतरले! पाय खाली सोडले तर जमीन हाताशीच, म्हणजे पायाशीच होती. कोणी स्टूल धरलं नाही, कोणी आजी म्हटलं नाही.

मला आवडलं रे ते. तुला सांगायला काय हरकत आहे. त्याने वळून माझी बाही हुंगली आणि सोडून दिली, काही खास नाही अशा थाटात. मला जनावरातला हा तुसडेपणा आवडतो.

मग मी पाय चाचपले. सवयच आहे हाताला. पुढचा डावा पाय, गुडघ्याच्या खाली, नळीच्या हाडावर आतल्या बाजूने: गाठ. सुपारीएवढी, दगडासारखी कडक. मी चौतीस वर्षं मोडून जुळलेली हाडं हाताळलीत. वाकडं जुळलेलं हाड अशीच गाठ धरतं. डोळे मिटून सांगेन.

मी भट्टीवाल्याला विचारलं, "हा पाय कधी मोडला होता?" तो म्हणाला, "कधीच नाही, बाई." निव्वळ थाप! मग मी काय सोडते की काय? भट्टीवर दहा-बारा कामगार होते, दुसरी गिऱ्हाइकं होती, एक फळवाला याच टट्टूसाठी ताटकळत उभा होता. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं, याचा पाय मोडलेला आहे, हा माणूस मोडकं जनावर लोकांच्या गळ्यात मारतोय. फळवाला तिथूनच मागे फिरला. फिरणारच, त्याच्या बायकोचा खुबा मीच बांधला होता. भट्टीवाला तोंडातली काडी चावत नुसता बघत राहिला. चोराला बोलायला तोंड असतं का?

पण थांब. माझा संताप त्याच्यावर नाहीये.

घरी येऊन हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या टट्टूचा पाय मोडला होता. आणि जुळला. आणि त्यानंतर त्याने वर्षानुवर्षं विटा वाहिल्या. म्हणजे घोड्याचा पाय जुळतो, डॉक्टरसाहेब! पुढचा पाय, गुडघ्याखालची नळी, अगदी तेच हाड!

बाबांच्या दुधाच्या गाडीची घोडी दारातल्या गटारात घसरली तेव्हा तू काय म्हणाला होतास? "नाही जुळत." दोन वर्षं झाली होती तुला डॉक्टर होऊन. मी म्हणत होते, मी प्लास्टर घालते, चार जण धरा, मी घालते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तासाभरात सुई दिलीस आणि ती गेली. जिच्या उघड्या पाठीवर आपण दोघं एकमेकांना धरून बसायचो, तिला. बाबा अंगणात बसून राहिले, गाडी दुसऱ्याला देऊन टाकली, आणि तू बॅग उचलून निघून गेलास. त्या दिवशी मी तुला कसाई म्हटलं. आज पुन्हा म्हणते. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की कदाचित मी चुकत असेन. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या भट्टीवर माझा पुरावा चार पायांवर उभा आहे.

उत्तर द्यायचं तर आता कार्डावर देऊ नकोस.

२२ मार्च

तुझं पाकीट मिळालं. तीन पानं. दोन पानांबद्दल लिहिते, तिसऱ्याबद्दल काहीही लिहिणार नाही.

तू म्हणतोस, ती गाठ मोडलेल्या हाडाची नाही. टट्टू लहान असताना फार लवकर ओझं पडलं की नळीच्या हाडाच्या बाजूला अशी गाठ येते, सुरुवातीला दुखते, मग कडक होते आणि जन्मभर निरुपद्रवी राहते. म्हणतोस, माणसाचं मोडलेलं हाड मला कळतं, घोड्याचं धडधाकट हाड कळत नाही. हे वाक्य तू दोनदा वाचून मग पाकीट बंद केलं असशील, मला माहीत आहे. आणि वर, "दुसरा पाय चाचपून बघ. बहुतेक तिथेही असेल, जरा लहान. दोन्ही पाय एकाच जागी मोडून एकसारखे जुळत नाहीत."

मी गेले. सूनबाईला सांगितलं, कोथिंबीर आणायला जातेय, आणि रिक्षाने भट्टीवर गेले. दुसरा पाय चाचपला.

आहे. वाटाण्याएवढी.

मी दाबून बघितलं, टट्टूने कानसुद्धा हलवला नाही. खडीवरून दुडक्या चालीने पळवायला लावलं, पाय चारही सारखे पडतात. मोडबीड काही नाही. एवढं धड हाड मी आयुष्यात हाताळलं नसेल.

तेव्हा मी भट्टीवाल्याला म्हटलं, "ठीक आहे, मी घेते." कशी बोलले असेन तुला कळेल, जणू उपकार करतेय. तो म्हणाला, "तुम्हाला नाही द्यायचं."

मला! मी विचारलं, का? त्याने तोंडातली काडी काढली. म्हणाला, "बाई, हाडाच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे या गावात कोर्टाचा निकाल. त्या दिवशी तुम्ही चार माणसांत बोललात. फळवाला गेला, त्याच्यामागे दोघं आले आणि पाय बघून परत गेले. आता मोडकं म्हणून पडत्या भावात ते दगडखाणीचा मुकादम नेतोय, रविवारी येईल. तिकडे टट्टं दोन पावसाळे काढत नाहीत. नऊ वर्षं पाळलंय मी त्याला. त्याला काय माझी हौस म्हणून देतोय?"

मी म्हटलं, "अहो, पण माझी समजूत चुकली होती. आता सांगितलं ना तुम्हाला?"

तर म्हणतो, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. चार माणसांत बोललात, चार माणसांतच मागे घ्या. त्याच जागी उभं राहून, फळवाल्याला बोलावून. मग बघू."

ऐकलंस? मी! माफी! विटांच्या थप्पीपाशी, कामगारांसमोर! चौतीस वर्षांत मी एका डॉक्टरची माफी मागितली नाही, चुकले तेव्हासुद्धा नाही. त्याला म्हटलं, "तुमचं टट्टू तुमच्यापाशी ठेवा," आणि तरातरा निघाले. तरातरा म्हणजे काय, रिक्षापर्यंत पोचायला मला दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तो आणि टट्टू दोघं माझी पाठ बघत होते.

घरी मुलाने विचारलं, "कोथिंबीर कुठेय?" मी म्हटलं, संपली होती. मग त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, टट्टूचं फिसकटलं हे त्याला कसं कोण जाणे कळलं होतं, ती बघून मला जेवण गेलं नाही. सूनबाई ताटं उचलताना एवढंच म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं का आई?" माझ्या घरात, माझ्या तोंडावर!

आज गुरुवार आहे. मला त्या मुकादमाचा राग येतोय, भट्टीवाल्याचा येतोय, तुझा तर येतोच. तुझी दोन पानं बरोबर आहेत म्हणून जास्त येतो.

३ एप्रिल

धाकट्या,

टट्टू मागच्या अंगणात आहे. मुलाच्या स्कूटरच्या जागी. स्कूटर रस्त्यावर.

शनिवारी मी स्वतः फळवाल्याच्या दुकानात गेले आणि म्हटलं, चला. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आहे बाई." मी म्हटलं, "बायकोचा खुबा कसा आहे?" मग आला. सूनबाईने गाडी चालवली. मुलगा म्हणाला, मी येणार नाही, आणि गाडी निघताना मागच्या सीटवर येऊन बसला.

कामगार जेवायला बसले होते. भट्टीवाल्याने सगळ्यांना उठवलं, मेला. मी त्याच जागी उभी राहिले. मला वाटलं होतं, दोन वाक्यं आहेत, फेकून मोकळी होईन. तर मी हात लांब करून विटांची थप्पी धरली. मुलगा पुढे सरकला, त्याला वाटलं मला चक्कर येतेय, म्हणाला, "आई, राहू दे ना, चल घरी." त्या "राहू दे"ने माझं टाळकं सणकलं आणि आवाज फुटला. मी म्हटलं, "ऐका सगळ्यांनी. मी त्या दिवशी म्हटलं, याचा पाय मोडलाय. पाय मोडलेला नाही. याला बालपणी ओझं पडलं त्याची ती गाठ आहे. मला माणसाची हाडं कळतात, घोड्याची कळत नाहीत. या माणसाला मी खोटारडा म्हटलं. खोटं तो बोलत नव्हता. चूक माझी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवण गार होत होतं त्यांचं. फळवाला म्हणाला, "मग मी घेऊ का?" मी म्हटलं, "खबरदार!" तेव्हा मात्र सगळे हसले, भट्टीवालासुद्धा.

आता बसण्याची गंमत ऐक. खोगीर घातलं, थप्पीवरून चढले, लगाम धरला, टाच मारली. टट्टू हलेना. पुन्हा मारली. खांब! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सगळे बघताहेत. मुलगा म्हणाला, "बघ, ऐकत नाही ते." भट्टीवाला म्हणाला, "ऐकतंय हो. वजन कमी पडतंय. त्याला वाटतंय, अजून विटा यायच्यात." बावन्न किलो, डॉक्टर! माझं वजन कमी पडतं, असं म्हणणारं जगात कोणीतरी भेटलं. शेवटची वीट ठेवली की ते लोक पाठीवरच्या लाकडी चौकटीवर दोन थापा मारतात, मग ते निघतं. मी खोगिरावर दोन थापा मारल्या आणि निघालं. अजून तसंच निघतं, मला ती खोड मोडायची नाही.

काल टेकडीवर गेलो. मुलगा पायी बरोबर आला, अपघात बघायला. अर्ध्या चढावर त्यालाच धाप लागली. वर पोचलो तर टाकीला नवा रंग दिलाय, निळा. मी दोन वर्षं खालून तो राखाडीच समजत होते. मी तिथे उतरले. स्वतः उतरले. मुलगा हात पुढे करून उभा होता, त्याचा हात लागलाच नाही. मग मी कठड्याला टेकून थोडी रडले आणि तो म्हणाला, "दुखतंय का कुठे?" काय बोलायचं अशा मुलाशी?

आता तुझं तिसरं पान.

तू लिहिलंयस की त्या दिवशी तू मला इस्पितळातून प्लास्टर आणायला पाठवलंस ते मुद्दाम. हाड कातडीबाहेर आलेलं होतं, त्याचा चुरा झाला होता, आणि ते मी बघू नये, असं तुला वाटलं. मी परत यायच्या आत सगळं आटपायचं होतं. म्हणून माझ्याकडे बघितलं नाहीस. आणि मग मी कसाई म्हटलं ते ऐकून घेतलंस, कारण मला चुरा झालेल्या हाडाचं सांगण्यापेक्षा शिवी खाणं तुला सोपं वाटलं. छत्तीस वर्षं!

मला इतका राग आला वाचून, की मी दहा दिवस ते पान उशीखाली ठेवलं. अरे मूर्खा, मी गेलेच नव्हते इस्पितळात. मी गोठ्याच्या दाराआड उभी होते. मी बघितलं. चार वर्षं झाली होती मला त्या प्लास्टरच्या खोलीत, रोज बघत होते, कुठलं हाड बसतं आणि कुठलं नाही ते. मला तिथल्या तिथे कळलं. प्लास्टर माझ्या बापजन्मात त्या पायाला धरलं नसतं. तू एका हाताने सुई दिलीस तेव्हा दुसऱ्या हाताने तिचे डोळे झाकले होतेस. हेही मी बघितलं. आणि मग अंगणात येऊन, जशी आत्ताच धावत आले अशी, मी सगळ्यांसमोर तुला कसाई म्हटलं.

का म्हटलं? कोणावर तरी ओरडायचं होतं. बाबांवर ओरडता येत नव्हतं, ती तर गेलीच होती. तू धाकटा होतास, समोर उभा होतास. एकदा बोलून गेले आणि मग मागे घ्यायचं कसं, ते मला येत नव्हतं. म्हणून मी ते खरं मानायला लागले. ती गाठ हाताला लागली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, माहीत आहे तुला? एका मुक्या जनावराचा पाय मोडलेला असावा, असं मला वाटत होतं. माझी लाज वाटते मला.

तूही कमी नाहीस. तूही बोलायचं होतंस. भांडायचं होतंस. धाकट्या भावाने मोठ्या बहिणीवर ओरडायचंच असतं, त्याशिवाय का तो धाकटा? गप्प बसून मला छत्तीस वर्षं शहाणी ठरवलंस. हा राग माझा जाणार नाही, त्याची तयारी ठेव.

आणि हे सगळं मी पत्रात लिहून मोकळी झाले, असं समजू नकोस. भट्टीवाल्याने मला रीत शिकवलीय. एकट्याला कानात सांगितलेली माफी ही माफी नव्हे. पण त्या दिवशी अंगणात जे होते त्यातले बाबा गेले, आई गेली, शेजारचे दोघं गेले. ज्यांच्यासमोर तुला कसाई म्हटलं, त्यातलं कोणी उरलं नाही. उरलो तू आणि मी.

म्हणून मी नवी माणसं जमवतेय. मुलगा, सूनबाई, फळवाला, भट्टीवाला. पोस्टमनलाही सांगून ठेवलंय, त्याला वाचायची आवड आहे, ऐकायचीही असेल. पुढच्या रविवारी, सकाळी दहाला, मागच्या अंगणात. त्यांच्यासमोर मी उभी राहीन आणि मोठ्याने सांगेन, काय झालं होतं ते. तू पुढे उभा राहा. मान खाली घालायची नाही.

बस साडेआठला येते. सूनबाई घ्यायला येईल. ये रे.

ताई